महायुद्धाची वळणे – भाग ९ : सनद अटलांटिकची, गोळीबार पालघरचा

मागच्या आठवड्यात आपण जून १९४२ पर्यंत, म्हणजे मिडवेच्या लढाईपर्यंत आलो होतो. क्रमाने आज स्टॅलिनग्राड यायला हवे. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण मध्ये पालघरच्या गोळीबाराचा दिवस, १४ ऑगस्ट, येतो. शाळेच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध एका धड्यात आणि बेचाळीसचा लढा दुसऱ्या धड्यात असल्याने पालघरचा गोळीबार ही महायुद्धातलीच घटना आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. माझ्या मते ती आहे. तिचे मूळ शोधायला मात्र अटलांटिक महासागरात जावे लागते.

ऑगस्ट १९४१. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ प्लासेन्शिया उपसागरात दोन युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या. अमेरिकेच्या ‘ऑगस्टा’वर रूझवेल्ट, ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वर चर्चिल. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. या भेटीतून आठ कलमांची अटलांटिक सनद निघाली आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी लंडनहून चर्चिल यांच्या मंत्रिमंडळातले लॉर्ड प्रिव्ही सील क्लेमेंट ॲटली यांनी ती रेडिओवरून वाचून दाखवली. तिसरे कलम असे होते की, आपल्यावर कोणत्या प्रकारचे सरकार असावे, हे ठरवण्याचा हक्क सर्व लोकांना आहे. सर्व लोकांना, म्हणजे आपल्यालाही का? ॲटलींनी दुसऱ्याच दिवशी लंडनमधल्या पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांपुढे बोलताना सनदेचा अर्थ सर्व वंशांना धरून लावला. चर्चिलना तो मुळीच मानवला नाही. ९ सप्टेंबरला त्यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकले की, हे कलम नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. हिंदुस्थान, ब्रह्मदेश यांचा प्रश्न वेगळा. (बरोबर एका वर्षाने, ९ सप्टेंबर १९४२ला, नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तारखांच्या योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही. पण हा विसरताही येत नाही.)

सनद झाली, आणि जिच्यावर बसून चर्चिल तिच्यासाठी गेले होते ती ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ चारच महिन्यांनी बुडाली. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी तिला आणि ‘रिपल्स’ला तळाशी धाडले. त्यानंतर जपान्यांना समुद्रात अडवणारे कोणी उरले नाही. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले आणि हिंदी सैनिक हजारोंनी कैद झाले. ८ मार्चला रंगून गेले, त्याबरोबर ब्रह्मदेशचा तांदूळही. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा यांवर बॉम्ब पडले. साम्राज्य आपले रक्षण करते, हा दीडशे वर्षांचा समज अवघ्या चार महिन्यांत फुटला. चर्चिलना आपले मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांना दिल्लीला पाठवावे लागले ते सिंगापूर-रंगूनच्या धक्क्यामुळे. अमेरिका आणि चीन यांचा आग्रहही होता. चँग कै-शेक तर फेब्रुवारीत स्वतः हिंदुस्थानात येऊन गांधीजींना भेटून गेले होते.

क्रिप्स २३ मार्चला दिल्लीत पोचले. युद्ध संपल्यावर वसाहतीचे स्वराज्य, पण नको असेल त्या प्रांताला बाहेर राहण्याची मुभा, आणि युद्ध चालू असेतो संरक्षण ब्रिटिशांकडे, अशी त्यांची योजना होती. बोलणी मुख्यतः संरक्षण खात्यावर आणि तातडीच्या राष्ट्रीय सरकारच्या प्रश्नावर अडली. ११ एप्रिलला रूझवेल्टनी चर्चिलना तार करून क्रिप्सचा मुक्काम वाढवण्याची विनंती केली. चर्चिल नाही म्हणाले आणि क्रिप्स परतले. माझ्या दृष्टीने आशियापुरते हे मिडवेइतकेच मोठे वळण होते. फरक एवढाच की मिडवेला जहाजे बुडाली, दिल्लीत भरवसा बुडाला.

पुढचे सर्वांना पाठ आहे: ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव, ९च्या पहाटे नेत्यांची धरपकड. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात. हुकूम देणारे कोणी बाहेर उरले नाही, म्हणून लढा गावोगावच्या लोकांनीच चालवला.

१४ ऑगस्ट १९४२. पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायला आसपासच्या गावांतून लोक निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. गावांची नावे मुद्दाम लिहिली. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन काठांवरची. नांदगाव आणि सालवड आज बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मोडतात. पाच मृतांची ही पाच गावे पाहिली, तरी मोर्चा एकट्या पालघरचा नव्हता, हे कळते.

त्याच दिवशी जगात काय चालले होते? रूझवेल्टनी सनदेला वर्ष पूर्ण झाल्याबद्दल चर्चिलना संदेश पाठवला होता. चर्चिल मॉस्कोत होते. यंदा पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडता येणार नाही, हे स्टालिनना सांगायला ते गेले होते. दोन दिवस कडाक्याची बोलाचाली झाली आणि १४च्या रात्री क्रेमलिनमध्ये मेजवानी. आदल्याच दिवशी इजिप्तमध्ये माँटगोमेरीने आठव्या सेनेची सूत्रे हाती घेतली होती. ग्वाडालकॅनालवर अमेरिकी सैनिकांना उतरून आठवडा झाला होता. दोस्तांची बाजू नुकती सावरू लागली होती, आणि म्हणूनच हिंदुस्थानसाठी चर्चिलशी वितुष्ट घ्यायला रूझवेल्ट तयार नव्हते. चँग यांनी अटकांबद्दल त्यांच्याकडे गाऱ्हाणे नेले, तेही निष्फळ ठरले.

ब्रिटिशांनी हा उठाव किती गंभीर मानला, हे दोन गोष्टींवरून दिसते. तो मोडण्यासाठी पायदळाच्या ५७ पलटणी कामी लावल्या गेल्या. आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ऑगस्टअखेर चर्चिलना कळवले की, १८५७ नंतरचा हा सर्वांत गंभीर उठाव आहे. जपानी सैन्य ब्रह्मदेशच्या सीमेवर असताना एवढ्या पलटणी आपल्याच रयतेवर सोडाव्या लागल्या, हा लष्करी हिशेबही इतिहासकारांनी मांडला पाहिजे.

एक बाजू सोडून चालणार नाही. नाझी आणि जपानी जिंकले असते तर काय, हा प्रश्न तेव्हा इथल्या अनेकांना खरोखर सतावत होता. डॉ. आंबेडकर जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते; कम्युनिस्टांनी हे लोकयुद्ध ठरवून लढ्याला विरोध केला. त्यांना देशद्रोही ठरवून मोकळे होणे सोपे आहे, बरोबर नाही.

जपानची शरणागती वॉशिंग्टनला जाहीर झाली तीही १४ ऑगस्टलाच, १९४५ साली. आपल्याकडे तेव्हा १५ तारीख उजाडली होती. हिरोशिमा आणि नागासाकी होऊन गेले होते.  आणि लंडनमध्ये सनद वाचून दाखवणारे ॲटली जुलै १९४५ मध्ये पंतप्रधान झाले. १९४७चे सत्तांतर त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

पुढील आठवड्यात स्टॅलिनग्राड. तोवर एक विनंती. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड किंवा पालघरच्या कोणा वाचकाच्या घरी बेचाळीसची पत्रे, छायाचित्रे, तुरुंगाचे कागद असतील तर ते आधी जपून ठेवा आणि मग आम्हाला कळवा. या लेखमालेत त्यांना जागा आहे.