अमिगा ५०० सुरू करण्याआधी पोटातली बॅटरी बघा!

१९८७ चा कमोडोर अमिगा ५०० कुणाच्या माळ्यावर असेल, तर घाईघाईने प्लग लावू नका. आधी मशीन उलटं करून खालचं झाकण उघडा. आत बहुधा ए५०१ कार्ड सापडेल. ५१२ केबीच्या मूळ मेमरीत आणखी ५१२ केबीची भर घालणारं, शिवाय घड्याळ सांभाळणारं.

खरी गोम त्या घड्याळाच्या ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत आहे. जुनी झाली की ती पाझरते. हिरवट-निळी बुरशी दिसली, की समजा क्षार तांब्याच्या रेषा खातोय. कधीकधी तो कनेक्टरच्या पिनांपर्यंतही पोचतो.

निदान सोपं आहे. वीज बंद करून कार्ड काढा, मग मशीन चालू करा. कार्डाशिवाय नीट चालतंय? मग दोष कार्डात. कार्ड काढूनही पडदा हिरवा होऊन थांबला, तर मशीनची स्वतःची मेमरी तपासा. लाल पडदा म्हणजे रॉमची तक्रार.

उपाय: बॅटरी काढून टाका. डाग व्हिनेगरने पुसा (आम्लाने क्षार मारला जातो), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. तुटलेल्या रेषा बारीक वायरने जोडा.

घड्याळ हवंच असेल तर सीआर२०३२ बसवा, पण सोबत डायोड हवाच! बोर्ड बॅटरी चार्ज करायला बघतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो.

शेवटी कार्ड परत बसवा आणि वर्कबेंचच्या (अमिगाच्या डेस्कटॉपच्या) वरच्या पट्टीतला मोकळ्या मेमरीचा आकडा बघा. तो वाढला, की मोहीम फत्ते!

#अमिगा #जुनेसंगणक