मनातली धडधड पडद्यावर

भीती दाखवावयाची तर वाघ आणला की भागते. पण चिंतेला ना तोंड, ना शेपूट! आमच्या हिमायतनगरच्या मुलांनी परीक्षेच्या धसक्यावर दहा मिनिटांचा चित्रपट करावयाचे ठरविले. पहिल्या मसुद्यात नायक किंचाळे, अन् शेवटी विहिरीकडे धावे. मी म्हटले, "अरे, पेपरच्या आदल्या रात्री तुम्हांला स्वतःला काय होते, ते सांगा की!" तेव्हा कुठे एकेक जण बोलू लागला. तळहाताला घाम, पोटात गोळा, हॉल-तिकीट दहादा चाचपणे. संकटाची चाहूल लागली की ॲड्रिनलीन रक्तात उतरते, काळीज धडधडते. पेपर म्हणजे वाघ नव्हे, हे बुद्धीला कळते. शरीराला कळत नाही.

मग त्यांना 'गिरणी' दाखविली. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात 1960 साली निघालेल्या फिल्म संस्थेत शिकताना उमेश कुलकर्णी यांनी ती केली. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आई पोटासाठी घरात पिठाची गिरणी बसविते, अन् तिची घरघर मुलाचे मन पोखरू लागते, एवढीच गोष्ट. आवाजच सारे सांगतो.

मुलांनी विहीर काढून टाकली. पंख्याची करकर, घड्याळ अन् चाचपणारा हात एवढे ठेवले. मोबाइलवर एका रात्रीत चित्रण झाले.

सगळे गेल्यावर एक जण मागे रेंगाळला. "सर, मला हे रोजच होते." त्याला घेऊन नांदेडला डॉक्टरांकडे गेलो. शिक्षकबंधूंनो, टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक फुकट आहे. वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात तो लिहून ठेवा.