आल्याची बिअर : फेस किती, थांबायचं कधी?

घरचं आंबवण : लेखांक ५

गेल्या लेखांकात आपण आल्याचं विरजण लावलं. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सालीसकट किसलेलं आलं आणि साखर, दोन्ही एकेक मोठा चमचा. बरणीला दादरा, आणि रोज तेवढाच खुराक. साल ठेवायची, कारण यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू तिच्यावरच असतात.

आता बरणी नीट न्याहाळा. ढवळल्यावर बारीक बुडबुडे सरसरत वर येतात, किसाचा थर वर तरंगतो, कान जवळ नेला तर फसफस ऐकू येते आणि वास आंबटगोड असतो? मग विरजण तयार आहे. तळाचा पांढरट गाळ यीस्टचा असतो, त्याची काळजी नको. पण हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेलं वाचवू नका. सगळं टाका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि पुन्हा सुरुवात करा.

हे पेय इंग्लंडचं. तिथल्या घरांत आल्याच्या बिअरसाठी जेलीसारखे अर्धपारदर्शक गोळे जपले जात आणि या घरातून त्या घरात दिले जात. सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेऱ्याचा अभ्यास करून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी या गोळ्यांचा छडा लावला. त्यांनी १८९२ साली दाखवून दिलं की, हा यीस्ट आणि जिवाणू यांचा एकत्र संसार आहे. दोघांना वेगळं करून, पुन्हा एकत्र वाढवून त्यांनी तो गोळा नव्याने घडवलाही. आपलं विरजण म्हणजे तो गोळा नव्हे, पण कामाची वाटणी तशीच आहे: यीस्ट वायू आणि थोडं अल्कोहोल तयार करतं, जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे नको त्या जंतूंना तिथे थारा मिळत नाही.

आता बिअरकडे वळू. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम किसलेलं आलं आणि ८० ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा. झाकून पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्यात विरजण घातलं तर यीस्ट मरतं. मग गाळून एका लिंबाचा रस आणि गाळलेलं अर्धी वाटी विरजण मिसळा.

बाटलीत भरण्याआधी साखरेचा हिशेब समजून घ्या. यीस्टने एक ग्रॅम साखर खाल्ली की सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारातल्या सोड्यासारखा जोरदार फेस यायला लिटरमागे सात-आठ ग्रॅम वायू पुरतो, म्हणजे जेमतेम १६ ग्रॅम साखर. आपण घातली आहे ८० ग्रॅम. उरलेली साखर गोडीसाठी आहे, पण यीस्टला ते कुठे ठाऊक? ते खातच राहतं. बंद बाटली विसरलात तर पाचपट वायू कोंडतो आणि काच फुटते. हे अपघात खरोखर होतात, आणि काचेचे तुकडे खोलीभर उडतात.

म्हणून नवशिक्याने काच वापरूच नये. शीतपेयाची रिकामी प्लास्टिकची बाटली स्वच्छ धुऊन घ्या, वर चार बोटं जागा ठेवून भरा, झाकण घट्ट लावा आणि सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ दाबून पाहा. सुरुवातीला ती बोटाखाली सहज दबते, मग ताठरते. दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीइतकी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये टाका. मे महिन्यात नागपुरात हे एका दिवसात होईल, डिसेंबरात नाशिकला तीन-चार दिवस लागतील. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा.

अल्कोहोलचाही हिशेब हाच. १६ ग्रॅम साखर संपेपर्यंत साधारण १ टक्का अल्कोहोल तयार होतं. सगळी साखर संपली तर ते ५ टक्क्यांच्या आसपास जातं. त्यामुळे हे पेय लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि दारू वर्ज्य असलेल्यांना देऊ नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा नशा चढावी म्हणून बाटली जास्त दिवस बाहेर ठेवण्याचा मोह नको.

फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. रोज झाकण जरा सैल करून वायू सोडा आणि आठवड्याच्या आत संपवा. उघडताना बाटली सिंकवर धरा, झाकण हळूहळू फिरवा. फेस चढू लागला की पुन्हा आवळा, ओसरला की पुढे फिरवा. पहिल्या घोटात आल्याचा झणका, लिंबाचा आंबटपणा आणि जिभेवर टोचणारे बुडबुडे तिन्ही जाणवले, तर तुम्ही योग्य वेळी थांबलात.

पुढील लेखांकात : हेच विरजण वापरून कोकमाचं फसफसतं सरबत.