अर्धशिशी आणि इस्ट्रोजेनचा उतार
अर्धशिशी, म्हणजे बहुधा डोक्याच्या एकाच बाजूला ठणकणारी मायग्रेनची वेदना, वयात आल्यानंतर स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते. आणि पाळीच्या २ दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत ती विशेष उसळते, कारण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी तेव्हा झपाट्याने उतरलेली असते. तिला मनाचे खेळ समजणे अन्यायाचेच आहे. संशोधक ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७२ मध्ये दाखवले, की पाळीपूर्वी इस्ट्रोजेन टोचल्यास रक्तस्राव वेळेवर होऊनही डोकेदुखी लांबणीवर पडते, तर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाने पाळी लांबली तरी डोकेदुखी टळत नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात, इस्ट्रोजेनची पातळी चढती असल्याने, अनेकींना आराम पडतो. मात्र डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.