जुनी सागवानी खिडकी काढण्याआधी दाभण घ्या!

वाड्याची किंवा कोकणातल्या घराची खिडकी पावसात अडकली, की लोक थेट ॲल्युमिनियमवाल्याला फोन लावतात. थांबा. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून ऐन श्रावणात रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडेल.

आधी दाभण टोचून पाहा. कुजतं ते बहुधा झडपेच्या खालच्या पट्टीत आणि चौकटीच्या पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात. बाकीचा जुना साग टणकच निघतो. त्यातलं तेल वाळवीला रुचत नाही. कुजका भाग तिरका कापून, रेषा जुळवून, वाळलेल्या सागाचा तुकडा जोडता येतो. तो पाडलेल्या घरातला मिळाला तर उत्तम! नव्या सागात बाहेरचा फिकट भाग पुष्कळदा मिसळलेला असतो आणि तो लवकर किडतो.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. मास्क लावून, ओला करूनच खरवडा. लाकूड वाळलं की जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात.) आणि लोखंडी गज उपटू नका, ते चौकटीत ओवलेले असतात, ओढले की चौकटच फाटते.