Explained : कर्जतमध्ये ‘कलदार’, आष्टीत ‘हाली’, १०० रुपयांसाठी ११६ रुपये का मोजावे लागायचे?

कर्जत तालुक्यातून आष्टीकडे निघालं की अहिल्यानगर जिल्हा संपतो आणि बीड जिल्हा सुरू होतो. आज फक्त जिल्ह्याचं नाव बदलतं. १९४८ पर्यंत मात्र इथे राज्य बदलायचं आणि खिशातल्या रुपयाची किंमतही बदलायची.

कर्जत तेव्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं, तर आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं होती. सीमेवर ‘करोडगिरी’ म्हणजे जकात भरावी लागे. आणि रुपयाही वेगळा होता. इंग्रजांचा तो ‘कलदार’ आणि निजामाचा तो ‘हाली सिक्का’.

‘हाली’ म्हणजे काय?

‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची मुघल बादशाही संपली आणि हैदराबादच्या नाण्यांवरून बादशहाचं नाव गेलं. त्यानंतर आलेला रुपया हाली सिक्का म्हणून ओळखला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार आला. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात याच चलनाला ‘उस्मानिया सिक्का’ म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. त्यानंतर १९१८ मध्ये संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या.

दर किती होता?

७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये. १०० कलदार हवे असतील, तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. आकडा विचित्र वाटतो, पण १०० ला ७ ने गुणून ६ ने भागलं की तो बरोबर येतो.

हा फरक आला कुठून?

उत्तर चांदीत आहे. ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम होतं आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. म्हणजे शुद्ध चांदी जवळपास १०.७ ग्रॅम. चारमिनारच्या रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी जवळपास ९.१ ग्रॅम.

शुद्ध चांदीच्या हिशेबाने १०० कलदारांची बरोबरी करायला साधारण ११७ हाली लागतात. प्रत्यक्ष दर त्याच्या अगदी जवळ होता.

अर्थात, दर फक्त चांदीवर टिकला नाही. १९४० मध्ये ब्रिटिशांनी रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तरीही ७ ला ६ हा दर कायम राहिला. कारण आता नाण्यामागे धातूपेक्षा सरकारचा शब्द जास्त मोलाचा होता. उस्मानिया सिक्क्याचं व्यवस्थापन पाहण्यासाठी १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँकही स्थापन झाली होती.

रुपयावरून राजकारण कसं पेटलं?

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. काही आठवड्यांतच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही, असं जाहीर केलं. सोनं-चांदी भारतात नेण्यावरही निर्बंध घातले. याच काळात निजामाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिल्याचं प्रकरण समोर आलं. हा कराराचा भंग असल्याचा आक्षेप भारत सरकारने घेतला.

सीमेवरच्या माणसासाठी याचा अर्थ सरळ होता. कर्जतच्या बाजारात चालणारा रुपया आष्टीत घेण्याचं बंधन कुणावर उरलं नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झालं. हाली मात्र एका रात्रीत बाद झाली नाही. ७ ला ६ याच दराने तिची सांगड भारतीय रुपयाशी घातली गेली आणि १९५० च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेली. हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

गोव्यात काय होतं?

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्तुगीज गोव्यात, तिसरं चलन होतं. ते म्हणजे ‘रुपिया’. इथे मात्र बट्ट्याचा प्रश्न नव्हता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा झाला आणि तो कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला गेला. त्यामुळे दर एकास एक.

१९५८ मध्ये पोर्तुगालने रुपियाच्या जागी एस्कुदो आणण्याचा निर्णय घेतला. १ रुपिया म्हणजे ६ एस्कुदो. त्या वेळी डॉलरला ४.७६ भारतीय रुपये आणि २८.७५ एस्कुदो पडत. भागाकार केला की साधारण ६ च येतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर तिथे भारतीय रुपया आला.

आज हे माहीत असून उपयोग काय?

सीमाभागातल्या एखाद्या घरात जुनं खरेदीखत किंवा कर्जाचा कागद सापडला, तर आकड्याआधी त्याच्या शेजारचा शब्द वाचा. ‘७०० रुपये हाली’ म्हणजे ६०० कलदार. ‘७०० कलदार’ म्हणजे ८१६ रुपये १० आणे ८ पै हाली. कागदावर नुसतं ‘रुपये’ लिहिलं असेल, तर घेणाऱ्या-देणाऱ्यात शंभराहून अधिक रुपयांचा वाद उभा राहू शकत होता. हाली कलदारमध्ये आणायची असेल, तर ६ ने गुणा आणि ७ ने भागा.