रेशमाच्या किड्याचीं नांवें

राजूरच्या परिसरांतील शेतकऱ्याच्या कानीं ‘अळी’ हा शब्द पडला कीं त्यास प्रथम फवारणीचा पंप आठवतो, आणि त्यांत नवल तें काय? २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशीची केलेली दशा आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच जालना जिल्ह्यांत तुतीची लागवड वाढली, २०१८ सालीं जालन्यास रेशीमकोषांचा बाजार उघडला, आणि ज्यानें तुती लावली त्यास शेजाऱ्यांची थट्टा ऐकावी लागली कीं, लोक अळ्या मारतात आणि हा अळ्या पाळतो. थट्टेचें मूळ नांवांत आहे. ज्या देशांत हा धंदा हजारों वर्षें चालला तेथें या प्राण्यास काय म्हणतात, तें पाहूं.

जपानी भाषेंत त्याचें नांव ‘काइको’. ‘को’ हें जुनें मूळ नांव, आणि ‘काइ’ म्हणजे पाळलेला. रानांत तुतीवर आपोआप वाढणारा त्याचा भाऊबंद तो ‘कुवाको’, म्हणजे तुतीचा ‘को’. मोजणीची तऱ्हा तर याहून बोलकी आहे. जपानी माणूस संख्येपुढें प्राण्याच्या जातीप्रमाणें निराळा शब्द लावतो. सामान्य किड्यास ‘हिकी’, परंतु गाय, बैल, घोडा यांस ‘तो’. काइको मोजावयाचा तो या गुराढोरांच्या शब्दानें! खेड्यांतून त्यास ‘ओकाइको-सामा’ म्हणत. शब्दाच्या आधींही आदर आणि मागूनही आदर. पोळ्याच्या दिवशीं आपण बैलास जो मान देतों, तो तेथें या बोटभर प्राण्यास नांवांतच दिलेला आहे.

चिनी भाषेंत त्यास ‘त्सान’ म्हणतात. आजच्या सोप्या लिपींत हें अक्षर ‘आकाश’ आणि ‘किडा’ या दोन चिन्हांचें बनतें, म्हणून पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘स्वर्गींचा किडा’ असा सांगतात. अर्थ गोड आहे, पण मागाहून बसविलेला आहे. जुन्या अक्षरांत वरचा भाग केवळ उच्चार दाखविण्यापुरता होता आणि खालीं किड्याचें चिन्ह दोनदां काढीत. यांगत्से नदीच्या मुखाकडील रेशीमगांवांत मात्र व्यवहारांतलें नांव ‘बाओबाओ’, म्हणजे बाळ. एका रोगांत किडा मरून खडूच्या कांडीसारखा पांढरा व ताठ होतो. ताठ होणें यास चिनी शब्द ‘ज्यांग’, आणि आल्यासही ‘ज्यांग’च. म्हणून संगोपनाच्या दिवसांत त्या गांवीं आल्याचें नांव घेत नसत, ‘तिखट’ म्हणून भागवीत. आपल्याकडे रात्रीं सापास ‘जनावर’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. कोरियांत या किड्यास ‘नुए’ म्हणतात. तेथील राजधानी सेऊलमधील ‘जाम्सिल’ या वस्तीच्या नांवाचा अर्थच कीटकसंगोपनगृह असा आहे.

आमच्या भाषांचें काय? ‘रेशीम’ हा शब्द फारसींतून आला. संस्कृतांतील ‘कौशेय’ कोशावरून, आणि ‘चीनांशुक’ देशावरून. वस्त्रास नांव मिळालें, कोशास मिळालें, दूरच्या देशासही मिळालें. प्राणी तेवढा ‘कोशकार’ किंवा ‘कोशकीटक’ राहिला, आणि अध्यात्मग्रंथांनीं त्याचा उपयोग केला तो स्वतःच्याच धाग्यानें स्वतःस बांधून घेणाऱ्या मूढ जीवाचा दृष्टांत म्हणून! पैठण आमच्या जवळ. तेथील पैठणी जगभर गाजली. परंतु धागा करणाऱ्या जीवास घरचें नांव आम्हीं दिलें नाहीं. विदर्भांतील ढिवर मंडळी रानांतल्या झाडांवर टसराचा किडा वाढवितात. त्यांच्या ‘कोसा’ या शब्दांतही मान आहे तो कोशाचाच.

नांवाचा हा भेद कामांतही उतरतो. किडा चार वेळां कात टाकतो; त्या वेळीं तो पाला खात नाहीं, मान वर करून स्वस्थ राहतो. चिनी व जपानी लोक यास ‘निद्रा’ म्हणतात: पहिली निद्रा, दुसरी निद्रा. निजलेल्या लेकरास कोणी खाऊं घालीत नाहीं, हें नव्या माणसासही मग निराळें शिकवावें लागत नाहीं. आपल्याकडे ‘मोल्ट’ हा इंग्रजी शब्द चालतो. त्यावरून नवख्यास कांहींच कळत नाहीं.

एक जपानी नांव मात्र कपाशीवाल्यानेंही लक्षांत ठेवावें. १९०१ सालीं इशिवाता नांवाच्या शास्त्रज्ञानें काइकोच्या एका रोगाचा जंतु शोधून काढला. किडे एकाएकीं कोसळत, म्हणून रोगाचें नांव ‘सोत्तो’, म्हणजे अकस्मात् कोसळणें. हाच तो जंतु, ज्यास पुढें जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतावरून ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ म्हणूं लागले, आणि ज्याचा गुण घातलेलें बीटी कपाशीचें बियाणें जालन्याच्याच महिको कंपनीमार्फत २००२ सालीं प्रथम आपल्या शेतांत आलें. बीटी कपाशी शेजारीं उभी असली म्हणून तुतीस अपाय नाहीं, कारण किडा तुतीचाच पाला खातो. परंतु याच जंतूची भुकटी ‘जैविक औषध’ म्हणून भाजीपाल्यावर फवारतात, आणि तिचा तुषार तुतीच्या पाल्यावर गेला तर रासायनिक विषाइतकाच घात होतो. डब्यावरील ‘जैविक’ या शब्दावर विसंबून, शेजारच्या तुतीवाल्यास न सांगतां आणि वाऱ्याची दिशा न पाहतां पंप सुरू करूं नये.